परसातल्या पिकल्या अंजिरांचे काय करावे

गेल्या चैत्रात मंडळाच्या हळदीकुंकवाला आमच्या घरून अंजिराचे घारगे आले होते. आंब्याची डाळ आणि पन्हे असताना त्यांना कोण हात लावणार, अशी सौ.ला धास्ती होती. पण ते ताट सर्वांच्या आधी रिकामे झाले आणि पुढचे दोन महिने कृती विचारणारे फोन येत राहिले. सौ.चे म्हणणे, "मला करता येते, सांगता येते, लिहिता येत नाही. तुम्ही इतकी वर्षे बँकेत नोटिंग लिहीत होतात ना, मग लिहा आता." म्हणून हा लेख. कृती तिच्या, वजनमापे माझी. ती सगळे अंदाजाने घालते आणि मी मागे वजनकाटा घेऊन उभा असतो. त्यावरून घरात जे बोलणे होते ते येथे लिहीत नाही.

यंदा लिहिण्याला आणखी एक कारण आहे. आमचे जुने घर पाडून तेथे फ्लॅट होणार आहेत. करार झाला, मे अखेर घर रिकामे करायचे आहे. त्यामुळे येत्या मार्च-एप्रिलचा बहार हा आमच्या अंजिराचा शेवटचा.

हे झाड आईने लावलेले. तिचे माहेर सासवडचे. 1986 साली मामांकडचे लग्न आटोपून ती परत आली तेव्हा पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन काड्या होत्या. वडील म्हणाले, "एवढ्या लांबून सरपण आणलेस का?" तीनपैकी दोन वाळल्या, एक लागली. वडोदऱ्याच्या उन्हात आणि पुरंदरच्या हवेत पुष्कळ फरक आहे, तरी मागच्या अंगणातील मोरीच्या पाण्यावर ती तगली आणि तिसऱ्या वर्षी तिला पहिली बारा-पंधरा फळे आली.

पुरंदर तालुका म्हणजे सासवड, दिवे, जेजुरी हा भाग. तेथील अंजीर पुण्याच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या जाते आहे, आणि 2016 साली 'पुरंदर अंजीर' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिकडे वर्षाचे दोन बहार मानतात. पावसाळी दिवसांतला तो खट्टा बहार आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचा तो मीठा बहार. नावातच सगळे आले. आमच्याकडेही पावसाळ्यातील फळे पाणचट होतात, उकलतात, आंबतात. ती बहुतेक बुलबुल आणि खारींच्या खात्यावर जमा होतात. मार्चमध्ये सुरू होणारी फळे मात्र मधासारखी. या लेखात जे सांगतो आहे ते त्या फळांविषयी.

सर्वांत आधी, फळ काढायचे कधी? येथे आम्ही पहिल्या दोन वर्षांत सपशेल आपटलो. पोपट येऊ लागले म्हणून वडिलांनी सगळी अंजिरे अर्धकच्ची असतानाच काढली आणि तांदळाच्या डब्यात घातली. आंबा, चिकू, केळे यांची सवय. पण अंजीर झाडावरून उतरले की पुढे पिकत नाही. त्याला अढी नाही. ती अंजिरे मऊ झाली, सुरकुतली, पण चव भेंडीच्या देठासारखी. सगळी टाकावी लागली. आई दोन दिवस वडिलांशी कामापुरतेच बोलत होती.

पिकलेले अंजीर ओळखायला सोपे आहे. कच्चे फळ देठावर ताठ उभे असते. पिकले की मान टाकते, खाली लोंबते. हिरवा रंग जाऊन फिकट जांभळा किंवा विटकरी होतो, सालीवर बारीक उभ्या रेघा उमटतात आणि बोटाने हलकेच दाबले तर कानाच्या पाळीसारखे लागते. तळाच्या छिद्राशी कधी पाकाचा एक थेंब दिसतो. असे फळ म्हणजे उत्तम, पण त्याच दिवशी खायचे. देठ तोडल्यावर पांढरा चीक भळभळला तर समजा, घाई झाली.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी, देठासकट काढावे. हातांना आधी खोबरेल चोळावे आणि बाह्या पूर्ण असाव्यात. हा चीक अंगाला खाजतोच, शिवाय चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की भाजल्यासारखे चट्टे उठतात. माझ्या मनगटावर एक डाग वर्षभर होता. शाखेत लोक विचारत, "साहेब, चहा सांडला का?"

काढलेली फळे धुऊन ठेवू नयेत. पसरट ताटात एकावर एक न रचता ठेवावीत. बाहेर एक दिवस, फ्रीजमध्ये दोन, फार तर तीन. घरच्या अंजिराची सगळी अडचण हीच आहे. बाजारातून आपण हवी तितकी आणतो. परसातले झाड मात्र पाच-सहा आठवडे रोज सकाळी देत राहते, कधी दहा, कधी तीस, आणि कालची शिल्लक उद्यापर्यंत टिकत नाही. बँकेत रोजची रोकड रोज जुळवतात, तसेच येथे. आम्ही सकाळीच तीन वाटण्या करतो. अखंड, टणक-मऊ असतील ती खायला आणि द्यायला. फार मऊ ती घारगे आणि आइस्क्रीमला. उकललेली पण वास चांगला असलेली मुरंब्याला. ज्यांना ताडीसारखा आंबूस वास येतो ती सरळ झाडाच्या बुंध्याशी. त्यांचा मोह धरू नये.

नुसते खाताना माझा एक आग्रह आहे. अंजीर हाताने दोन भाग करून, आत पाहून खावे, तळाच्या छिद्रातून मुंग्या आणि बारीक भुंगेरे आत शिरलेले असतात म्हणून. साल काढू नये. काहीजण मिरपूड आणि काळे मीठ भुरभुरतात. उन्हातून आल्यावर ते चांगले लागते.

आत पाहिले की जे गुलाबी धाग्यांचे जाळे दिसते, ती फुले आहेत. अंजीर हे वड, पिंपळ, उंबर यांचे सख्खे भावंड. या कुळातील झाडांची फुले बाहेर उमलतच नाहीत. ती फळासारख्या दिसणाऱ्या पिशवीच्या आतल्या बाजूला असतात. कोणी फार दिवसांनी भेटले की आपण 'उंबराचे फूल' म्हणतो, त्याचा उगम हाच. उंबरात किडे असतात, कारण त्याच्या बारीक माश्या आत शिरून परागीभवन करतात. आपल्याकडे लावतात त्या पूना अंजिराला माशीची गरज लागत नाही. त्याशिवायच फळ धरते. तेव्हा "अंजिरात मेलेली माशी असतेच" असे जे निरोप मोबाइलवर फिरतात, ते आपल्या परसातील झाडाला लागू नाहीत.

तरी आमच्या शेजारचे जैन कुटुंब अंजीर खात नाही, हेही सांगायला हवे. आईने पहिल्या बहाराचे ताट मोठ्या हौसेने त्यांच्याकडे नेले, तर काकी हात जोडून म्हणाल्या, "बेन, अमाराथी न खवाय." वड, पिंपळ, उंबर या वर्गातील फळे त्यांना वर्ज्य. एक तर बिया असंख्य, आणि आत जीव असण्याची शक्यता. आई ओशाळली. नंतर दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे आमच्या झाडाची लिंबे जाऊ लागली आणि त्यांच्याकडून खाखरे येऊ लागले. आपल्या गावात अंजीर वाटताना एवढे आधी विचारून घ्यावे.

आता स्वयंपाकघर. अंजिराचा एकच मोठा नियम आहे, आणि तो आम्ही नुकसान करून शिकलो. एका पाडव्याला दोन लिटर दुधाची बासुंदी आटवून झाली होती. सौ.ने ती कोमट असतानाच त्यात ताज्या अंजिरांचा कच्चा गर ढवळला. अर्ध्या तासात चोथा आणि पाणी वेगळे, आणि चव कडवट. घरात पाहुणे बसलेले. तिला वाटले दूधच खराब होते. दूध निर्दोष होते. अंजिराच्या चिकात फायसिन नावाचे विकर असते. ते दुधातील प्रथिने तोडते. फार पूर्वी काही देशांत याच चिकाने दूध घट्ट करून चीज करीत. कच्च्या पपईने मांस मऊ होते, त्याच जातीचा हा प्रकार. पिकल्यावर चीक कमी होतो, पण संपत नाही.

उपाय सोपा. गर आधी आठ-दहा मिनिटे चांगला उकळायचा. उष्णतेने ते विकर निकामी होते. मग पूर्ण गार करून दूध, बासुंदी किंवा चक्क्यात मिसळायचा. श्रीखंडालाही हेच. कच्च्या फोडी हव्याच असतील तर वाढताना वरून घाला, आत मिसळून ठेवू नका. मिल्कशेक लगेच प्यायचा असेल तर चालतो, पण ग्लास तासभर राहिला की कडसर होतो.

घारग्यांसाठी पाव किलो फार पिकलेली अंजिरे घ्या, मध्यम आकाराची सहा-सात बसतात. देठ काढून हाताने कुस्करा. कढईत 75 ग्रॅम किसलेल्या गुळाबरोबर मंद आचेवर शिजवा. आधी पातळ होईल, मग दहा-बारा मिनिटांत कडेने सुटू लागेल. गार झाल्यावर दोन चमचे रवा, दोन चमचे तांदळाची पिठी, चिमूटभर मीठ, वेलदोडा-जायफळ आणि मोठा चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घाला. मग मावेल तेवढी कणीक. आमच्याकडे साधारण 200 ग्रॅम लागते, पण अंजीर किती रसाळ आहे त्यावर ते अवलंबून, आणि येथे माझा काटा हरतो, सौ.चा अंदाज जिंकतो. पाण्याचा थेंब घालायचा नाही. अर्धा तास झाकून ठेवा. तेलाच्या हाताने केळीच्या पानावर पुरीपेक्षा जाड थापा, वर खसखस दाबा, मध्यम आचेवर तळा. मोठ्या आचेवर अंजिरातील साखर लगेच काळी पडते आणि घारगा आत कच्चा राहतो. भोपळ्याच्या घारग्यांपेक्षा हे जरा खुसखुशीत होतात, दाताखाली बी कुरकुरते, आणि तीन दिवस सहज टिकतात. बरोबर घट्ट साजूक तूप किंवा लोणी.

मुरंब्याला एक किलो अंजिरे, अर्धा किलो साखर आणि दोन मोठ्या लिंबांचा रस. अंजिरांचे चार-चार तुकडे करून साखरेत दोन तास मुरवा, जाड बुडाच्या पातेल्यात शिजायला ठेवा, उकळी आली की लिंबू घाला. तीस-चाळीस मिनिटांत दाट होते. गार बशीवर थेंब टाकून बोट फिरवावे. मधली वाट तशीच मोकळी राहिली तर झाले. लिंबू चवीसाठी आहे असे समजून कोणी गाळू नये. अंजिरात आंबटपणा फार थोडा, त्यामुळे लिंबाशिवाय मुरंबा नीट धरत नाही आणि टिकतही नाही. आमच्या पहिल्या बरणीवर पंधराव्या दिवशी बुरशी आली होती. तेव्हा वरचा थर काढून खालचा खाऊ या, असा प्रस्ताव मी मांडला होता. तो फेटाळला गेला हे बरेच झाले. बरण्या उकळून, कोरड्या करून भराव्यात आणि फ्रीजमध्येच ठेवाव्यात. दोन महिने जातो. पोळीबरोबर नातवंडे खातात. मला तो शिळ्या भाकरीबरोबर आवडतो, यावर घरात कोणी माझ्या बाजूचे नाही.

चिंचेच्या चटणीत गूळ निम्मा करून पाच-सहा अंजिरे उकडून, वाटून घाला. भेळ-कचोरीला छान, आणि सेवउसळीच्या तिखटावर एक चमचा घेऊन पाहाच. कोशिंबीरही होते. काकडी, अंजिराच्या फोडी, दाण्याचे कूट, मिरची, लिंबू. दही घालू नका, कारण वर सांगितले आहे.

वाळवणाचा प्रयोग सांगतो, अपेक्षा कमी ठेवून वाचा. बाजारात हारासारखी ओवलेली जी सुकी अंजिरे मिळतात ती बहुतेक अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तानकडची, जाती वेगळ्या, हवा कोरडी. आपले फळ पाणीदार. तरीही एप्रिलमधील वडोदऱ्याचे ऊन कमी नाही. मध्ये चीर देऊन, पुस्तकासारखे उघडून, जाळीवर मलमलीखाली ठेवा. रोज उलटा, संध्याकाळी आत घ्या. चार-पाच दिवसांत दाबून ओल लागेनाशी होते. किलोचे पाव किलोच्या आसपास उरते. रंग काळसर, चिवट, दिसायला साधे. पण मिक्सरमध्ये खजूर, काजू, खसखशीबरोबर फिरवून वड्या थापल्या तर साखर लागत नाही. गच्चीवर हे वाळवण राखायला मात्र कोणीतरी निवृत्त माणूस हवा.

वाळवायला सवड नसेल तर अर्धे करून ताटात गोठवा आणि मग पिशवीत भरा. तीन महिने टिकतात. आइस्क्रीमला हीच वापरतो, अर्थात आधी उकळून. पूर्वी आमच्याकडे लाकडी संचा होता. बर्फ-मीठ भरून गल्लीतील मुले पाळीपाळीने दांडा फिरवीत, आणि ज्याने शेवटी, घट्ट झाल्यावर फिरवला त्याला दोन वाट्या, असा आईचा कायदा होता. संचा भंगारात गेला, आता मिक्सर आणि फ्रीजर. चव जवळजवळ तीच आहे, असे आम्ही म्हणतो.

आपल्यापैकी निम्म्यांना साखरेचा त्रास आहे, मलाही आहे, म्हणून हिशेब देतो. ताज्या अंजिरात शंभर ग्रॅममागे सुमारे 16 ग्रॅम साखर असते, सुक्यात जवळजवळ 48. म्हणजे दोन ताजी अंजिरे आणि चार सुकी अंजिरे ही 'सारखीच' नव्हेत. "रात्री भिजवलेली, म्हणजे औषध" असे म्हणत सुकी अंजिरे मूठभर खाणारे मी पाहिले आहेत. पोट साफ होते, ते खरे. चोथा भरपूर असतो. पण साखर भिजवल्याने नाहीशी होत नाही. मी बहारात दिवसाला दोन ताजी खातो, तीही डॉक्टरांना विचारून, जेवणातील भात कमी करून. मुरंब्याला हात लावत नाही. शिळी भाकरी वर लिहिली ती जुनी आठवण.

आता झाडाविषयी. गेल्या पावसाळ्यातील छाटणीच्या फांद्या या वेळी मी टाकल्या नाहीत. बोटाएवढ्या जाड, वीतभराहून थोड्या लांब, चार-पाच डोळे असलेल्या चोवीस काड्या कापल्या, चीक निथळू दिला आणि माती, वाळू, शेणखत समभाग भरलेल्या पिशव्यांत दोन डोळे वर ठेवून सावलीत लावल्या. आईने तीन काड्यांत एक जगवली होती. माझ्या चोवीसपैकी एकोणीस जगल्या, अर्थात तिच्याकडे मोबाइलवर पाहून करण्याची सोय नव्हती. एक मुलाकडे पुण्याला जाईल, एक बहिणीकडे, एक आमच्या नव्या फ्लॅटच्या गॅलरीत. सोळा उरतात. ती मंडळाच्या सभासदांसाठी आहेत.

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी भिंत आणि पाण्याचे पाइप यांच्यापासून दहा फूट सोडून लावावे, मुळे लांब जातात. गच्चीवर दीड फुटी कुंडीतही होते, फळे कमी येतात इतकेच. सहा तास ऊन हवे, पाणी साचता कामा नये. फळ नव्या फुटीवर धरते, म्हणून दरवर्षी छाटणी करताना हात आखडू नये. पावसाळ्यात पानांमागे तांबेरा येतो, ती पाने काढून जाळावीत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दिसेल. फळांवर जुन्या मलमलीच्या लहान पिशव्या बांधल्या तर पोपट आणि वटवाघळे हात हलवीत परत जातात. सगळीच बांधू नका, थोडी त्यांनाही ठेवा. आई ठेवीत असे.

होळीपर्यंत कोणत्याही रविवारी सकाळी नऊ ते अकरा या. पत्ता मंडळाच्या कार्यालयात मिळेल. एका घराला एक रोप. येताना जाड कापडी पिशवी आणा, आणि नेताना रोप लहान मुलांच्या हातात देऊ नका, पान मोडले की चीक येतो.